पाणचाल

समोर दिसतोय तो आमच्या पाटपिंप्रीचा पाट. वर बंधाऱ्यापाशी सुरू होतो आणि खाली त्या एकट्या बाभळीच्या वावरात संपतो. पाट सुटायच्या दिवशी पाण्याच्या पुढे काही माणसं अनवाणी चालताना दिसली, तर त्यांना वाट विचारू नका. ती मागे वळून बघत नाहीत. पोथीत ज्याला प्रायश्चित्त म्हणतात, त्याला आमच्याकडे पाणचाल म्हणतात. ते का, ते ऐका. त्या पारावर बसा, तिथे सावली बरी आहे.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हाही गावाचा नियम एकच होता, शेवटच्या वावराला पहिलं पाणी. खालचं भिजलं की मग वरच्यांची बारी. त्या शेवटच्या वावरात हिरकणबाई नावाची विधवा बाई गहू पेरायची. दोन लेकरं आणि तो गहू, एवढाच तिचा संसार.

गावचा पाटील होता झिपरू. माणूस मोकळ्या मनाचा, पण वांग्यांवर जीव. त्याच्या मळ्यातल्या हिरव्या वांग्यांचं भरीत खायला लांबून लोक यायचे म्हणे. त्या साली लेकीच्या सासरचे येणार होते आणि पाटलाने भरिताचं जेवण कबूल करून ठेवलं होतं. वांगी जरा मलूल दिसली तसा त्याचा धीर सुटला. हिरकणबाईच्या बारीलाच त्याने पाटाचा काठ फोडला आणि सगळं पाणी आपल्या मळ्यात घेतलं. तिचा गहू नेमका दाणा भरायला आलेला होता.

पुढल्या बारीला पाट सुटला. पाणी पाटलाच्या मळ्यापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. पुढे जाईना, मळ्यातही शिरेना. अडेल बैलासारखं तिथेच उभं राहिलं, असं सांगतात. खालची सगळी शेतं कोरडी पडली आणि गावाच्या तोंडचं पाणी पळालं.

पाटील घाबरला. त्र्यंबकभटजींकडे गेला आणि सगळं कबूल केलं. भटजींनी नदीचं स्नान, गोदान आणि गावजेवण सांगितलं. पाटलाने हौसेने सगळं केलं. जेवणाला तर तोच सगळ्यांत जास्त जेवला. पाणी तसूभर हललं नाही. मग पाटील भटजींवरच चिडला, तेव्हा भटजी शांतपणे म्हणाले, "प्राय म्हणजे तप आणि चित्त म्हणजे निश्चय, असं जुने शास्त्री सांगतात. गाय तुमच्या गड्याने आणली, स्वयंपाक घरच्या बायकांनी केला. यात तुमचं तप कुठलं, पाटील?"

पाटील मान खाली घालून निघाला, तर दारात हिरकणबाई उभी. ना आरडाओरड, ना शिव्या. तिने एवढंच विचारलं, "पाटील, मना वावरले पानी कव्हय?" माझ्या शेताला पाणी कधी, एवढाच तिचा प्रश्न होता. त्या बाईच्या सबुरीचं मला अजून नवल वाटतं.

पाटलाने पागोटं उतरवलं, जोडे काढले आणि पाटात उतरला. आधी त्याने स्वतः फोडलेला काठ स्वतःच्या हाताने चिखल लावून बुजवला. समोर वांगी माना टाकून उभी होती. ते करताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, असं सांगतात, आणि मला ते खरं वाटतं. मग तो पाटातला गाळ, पाला हाताने उपसत पुढे निघाला. आणि काय नवल, पाणी त्याच्या टाचेला टाच लावून निघालं.

मागे लोक हसायला लागले. पाटलाला वाटलं, पाणी पुन्हा मळ्यात वळलं की काय. त्याने वळून पाहिलं मात्र, पाणी वीतभर मागे सरकलं. पुन्हा त्याने मान वळवली नाही. हात सोलले, कंबर धरली, पण गडी थांबला नाही. बाभळीपाशी पोचल्यावर पाणी हिरकणबाईच्या गव्हात शिरलं आणि ती म्हणाली, "आते मांगे देखा, पाटील."

त्याने पाहिलं तर पाट भरून वाहत होता. हसणारं अख्खं गाव लुगडी-धोतरं खोचून पाटात उतरलं होतं आणि त्याच्यामागे काठ बांधत आलं होतं.

गहू वाचला. पाटलाची वांगी गेली ती गेलीच. पण पाहुणे आले तेव्हा हिरकणबाईने आपल्या बांधावरच्या चार झाडांची वांगी तोडली, तिथेच काट्याकुट्यांवर भाजली आणि सगळ्यांना भरीत वाढलं. पाटील म्हणे पहिल्या घासालाच रडला. मिरची जास्त झाली, असं तो मरेपर्यंत सांगत राहिला.

आजही पाट सुटतो तेव्हा ज्याच्या हातून वर्षभरात काही वावगं झालं असेल, तो आपणहून पाण्यापुढे चालतो. काय झालं ते कुणी विचारत नाही. शेवटी बाभळीखाली भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी असते. त्या भरिताच्या आशेने हल्ली काही साळसूद माणसंही पाटात उतरतात. आम्ही त्यांना अडवत नाही. बाभळीपर्यंत जाता जाता प्रत्येकाला काही ना काही आठवतंच.