चांदीच्या चमच्यावरचं मांजर

चमच्यावरच्या सिंहाचं मांजर झालं होतं!

कुंभेरी संस्थानच्या महाराजांनी चमचा भिंगाखाली धरला आणि गर्जना केली, "भिवबा! हे काय केलंस?"

महाराजांना जुन्या विलायती चांदीचं भारी वेड. लंडनच्या लिलावातून त्यांनी बारा डझन चमचे, काटे नि सुऱ्या मागवल्या होत्या. अस्सल स्टर्लिंग चांदी, दीडशे वर्षांची! खरेपणाची खूण म्हणून प्रत्येक नगावर इवलासा सिंह ठोकलेला. पण जेवायला ती चांदी कधी निघत नसे. काचेच्या कपाटात बसून काळी पडायची, आणि मग म्हातारा भिवबा देवघरातल्या समयांसारखी तीही चिंच-रांगोळीने खसाखसा घासायचा. घासता घासता सिंहाची आयाळ गेली, जबडा गेला, उरलं ते मांजर!

"आज घासलीस ती शेवटची!" महाराज म्हणाले. "यापुढे चिंच नाही, राख नाही, रांगोळी नाही. कुणी घासायचंच नाही! आणि तरीही दसऱ्याच्या मेजवानीला चांदी अशीच पांढरीशुभ्र दिसली पाहिजे. नाहीतर वाड्यातली खोली रिकामी कर आणि वेशीबाहेर हो!"

"सरकार, न घासता चांदी पांढरी ऱ्हाईल कशी?"

"ते तू बघ!"

ह्या वयात भिवबा जाणार कुठे? मागे उभी असलेली त्याची लेक येसू पुढे झाली. मुदपाकखान्यात भांडी विसळणारी पोर, पण जीभ सुरीहून धारदार.

"सरकार, घासायचं न्हाई. पन पान्यानं विसळून मऊ फडक्यानं टिपलं तर?"

"खुशाल टीप!"

"मग अर्धी चांदी मला द्या. अर्धी तुमच्या कपाटात, तुमच्या कुलपात ऱ्हाऊ द्या. दसऱ्याला शेजारी शेजारी मांडून बघू. आन् तोवर मला कुनी काय इचारायचं न्हाई!"

"कबूल!" महाराज मिशीत हसले. दोन महिन्यांत पोरीची फजिती ठरलेली!

खोलीत आल्यावर भिवबाने कपाळाला हात लावला. "येसू, काय कबूल करून बसलीस गं!"

"आबा, माझ्या पायाकडं बघा."

"पायाला काय झालं?"

"साखळ्या बघा. चिखलात जात्यात, खरकट्या पान्यात जात्यात, कवा घासल्या न्हाईत. तरी पांढऱ्या! आन् आयच्या तोरड्या? पेटीत जपून ठेवल्यात, नागपंचमीला काढल्या तर काळ्याठिक्कर! चांदीला बसून ऱ्हायचा कंटाळा येतो, आबा. तिला कामाला लावू!"

दुसऱ्या दिवशी दुपारी मुदपाकखान्यात पंगत बसली. घोड्यांचे मोतद्दार, माळी, माहूत, पाणके, सगळे. प्रत्येकाच्या पानाशी राजाची चांदी!

"ह्यो त्रिशूळ कशाला?" माहूत लखू ओरडला.

"भाजी टोचायला. खावा गुमान!"

"भाकरी तुटंना ह्येनं!"

"मग भाकरी हातानं मोडा आन् आमटी चमच्यानं खावा. पन रोज खायाचं! एक दिस चुकला तर माझ्याशी गाठ हाय!"

आठवड्याभरात मंडळी सरावली. माळी लोणी लावायच्या सुरीने पिठलं पसरू लागला. लखू मोठ्या डावानेच ताक पिऊ लागला. जेवण झालं की येसू कोमट पाण्याने एकेक नग विसळायची, जुन्या धोतराच्या फडक्याने टिपायची. एकदा आचाऱ्याने अंड्याचं कालवण केलं आणि संध्याकाळपर्यंत एका चमच्याची वाटी तपकिरी झाली. घासायची तर बंदी! तिने तो चमचा लखूच्या हातात दिला.

"तुमी चौघांचं जेवता, भाऊ. ह्यो डाग आता तुमच्या गळ्यात!"

लखू दोन्ही वेळा हादडत राहिला. महिन्याभराने डाग गेला, आणि लखूचं पोट वीतभर पुढे आलं!

दसरा उजाडला. शेजारची राजेमंडळी मेजवानीला जमली. महाराजांनी ऐटीत कपाट उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला. आतली चांदी काळवंडली होती. येसूने आपली चांदी मांडली. एकेक काटा चकाकत होता, आणि सिंहाच्या खुणा होत्या तशाच!

"शाबास! कसलं औषध लावलंस?"

"औषध न्हाई, सरकार. जेवलो."

"कोण जेवलं?"

"आमी समदे. माळी, माहूत, मोतद्दार. रोज, दोन येळा."

"उष्टी केली!" कारभारी तात्यासाहेब किंचाळले. "सरकारांची चांदी नोकरांनी उष्टी केली! हाकला बापलेकीला!"

पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. महाराजांच्या कपाळावर आठ्या चढल्या. भिवबाने तर डोळेच मिटून घेतले. येसू हात जोडून म्हणाली, "सरकार, एक इचारू? ही चांदी दीडशे वर्सांची, न्हवं?"

"हो तर! विलायतेतल्या मोठ्या घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या वापरलेली!"

"कंच्या घराण्यांनी?"

"असतील कुणी लॉर्ड!"

"नावं काय त्येंची?"

"ते कुणाला ठाऊक!"

"म्हंजी नाव न्हाई, गाव न्हाई, अशा मानसांचं दीडशे वर्सांचं उष्टं सरकारनी पैका मोजून बोटीतनं आनलं! आमचं तर फकस्त दोन महिन्यांचं, आन् नावानिशी ठावं हाय. ही सुरी तुमच्या माळ्याची, ह्यो डाव तुमच्या माहुताचा!"

मग पाहुण्यांपैकी एक म्हातारे राजे फिसकन हसले आणि महाराजांचा बांध फुटला. हसता हसता त्यांचा फेटा कलला!

"पोरी, हरलो!" डोळे पुसत ते म्हणाले. "भिवबा, तुझी खोली तुला कायमची दिली, आजच सनद घे. येसू, चांदीच्या कपाटाची किल्ली आजपासून तुझ्या कमरेला. आणि तात्यासाहेब, बघत काय बसलात? ही काळी चांदी उचला आणि मुदपाकखान्यात त्या लखूपुढे नेऊन ठेवा!"