मागे फिरवलेल्या सुया

“मग चूक कोणाची, ता तरी सांगा मेस्त्रीनू.”

विचारलं आणि रुपेश तारीला लगेच वाटलं, विचारायला नको होतं.

इनास मेस्त्री वाकून बसले होते. पुढच्या बाकड्यावर वॉटर स्कूटरचं इंजिन खोलून ठेवलं होतं. त्यातला एक पिस्टन त्यांच्या हातात होता. त्याचा माथा एका कडेला वितळला होता आणि अंगावर उभे ओरखडे उठले होते. मेस्त्री त्या ओरखड्यांवरून अंगठा फिरवत राहिले.

“भालूचीच ना?” रुपेश पुन्हा म्हणाला. “पेट्रोलात ऑइल घालूक विसरलो असतलो. नायतर इंजिन जाम कित्या होतला?”

मेस्त्रींनी पिस्टन खाली ठेवला.

“प्लग बघितलंस?”

“बघितलंय.”

“कसो हा?”

“...पांढरो.”

“आणि कार्बोरेटरच्या सुयो?”

“जाग्यार होत्यो. शेटनी सगळ्यांसमोर बघितल्यानी.”

मेस्त्रींनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने सावकाश पुसला.

“सुयो जाग्यार. आणि प्लग पांढरो. म्हणजे इंजिन खोटा बोलता.”

पेट्रोल सोडणाऱ्या सुया जागेवर असत्या तर प्लग असा पांढरा पडला नसता, हे रुपेशला कळत होतं. त्याने मान खाली घातली.

देवबागला, खाडीच्या काठावर मेस्त्रींची पत्र्याची शेड. होड्यांची इंजिनं दुरुस्त करता करता त्यांचे केस पांढरे झाले. पुढे पर्यटक आले, त्यांच्यासाठी वॉटर स्कूटरी आल्या, आणि बिघडल्या की त्याही याच शेडच्या दारात येऊ लागल्या. कार्बोरेटर खोलायचा, आत साठलेलं मीठ काढायचं, फाटलेला रबरी पडदा बदलायचा, पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारी सुई नेमकी बसवायची, हे सगळं रुपेश मेस्त्रींच्या मांडीला मांडी लावून शिकला. शिकला, आणि त्यांच्या पुढेही गेला. निदान त्याला तसं वाटायचं.

मेस्त्रींनी लावलेली स्कूटर थोडा धूर सोडायची. आवाज जाड. रुपेश सुई किंचित आत फिरवायचा, पेट्रोल थोडं तोडायचा. मग धूर बंद, आवाज बारीक आणि धारदार, आणि स्कूटर पाण्याला टेकतच नाही असं वाटायचं. पेट्रोलबरोबरच इंजिनला ऑइल मिळतं, पेट्रोल तोडलं की ऑइलही तुटतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण धक्क्यावरचे चालक त्याच्या नावाने हाका मारायचे, आपली गाडी आधी लाव म्हणून भांडायचे. ते ऐकायला बरं वाटायचं.

मेस्त्री एकदाच म्हणाले होते, “गाडी ओरडता रे.”

“ओरडता खय? गाता!” रुपेश हसला होता.

आणि मग ती दुपार. सुट्ट्यांची गर्दी. भालू खवणेकर, धक्क्यावरचा चालक, रुपेशच्याच वाडीतला, शाळेपासूनचा सोबती, रुपेशनेच लावलेल्या स्कूटरवर एका पर्यटक मुलीला मागे बसवून खाडीच्या मुखापर्यंत गेला. तिथे भर वेगात इंजिन जाम झालं. लाटेने स्कूटर उलटली. ओहोटी होती, पाणी बाहेर ओढत होतं. भालूने एका हाताने मुलीचं जॅकेट पकडलं आणि मच्छीमारांची होडी येईपर्यंत सोडलं नाही. मुलगी वाचली. भालूचा खांदा निखळला.

स्कूटर ओढून काठावर आणली, तेव्हा सगळा गाव त्या दोघांभोवती गोळा झाला होता. स्कूटरजवळ रुपेश एकटाच होता.

त्याने झाकण उचललं. खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला. दोन्ही कार्बोरेटरच्या सुया मागे फिरवल्या, जिथे असायला हव्या होत्या तिथे नेऊन ठेवल्या. झाकण बंद केलं.

कोणी पाहिलं नाही.

नंतर स्कूटरींचे मालक, शेट, आले. सुया तपासल्या गेल्या. त्या जागेवर होत्या. मग ऑइलची गोष्ट निघाली, आणि ती पहिल्यांदा काढली रुपेशनेच.

“मी ऑइल घातलेलंय,” भालू खांदा धरून म्हणाला. “रुपेशाक विचारा. फनेल तेनीच धरलेल्यान.”

सगळ्यांनी रुपेशकडे पाहिलं.

फनेल त्यानेच धरलं होतं. भालू ऑइल ओतत होता, काहीतरी विनोद सांगत होता, आणि दोघं हसत होते.

“माका आठवणा नाय,” रुपेश म्हणाला.

शेटनी भालूला सांगितलं, पुन्हा धक्क्यावर पाय ठेवायचा नाही.

...

आता शेडमध्ये खाडीच्या पाण्याचा तेवढा आवाज येत होता. मेस्त्रींनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला होता, पण ते रुपेशकडे पाहत नव्हते. पाहिलं असतं, ओरडले असते, एक थोबाडीत मारली असती, तरी त्याला सोपं गेलं असतं.

“मी केलंय, मेस्त्रीनू. पेट्रोल मी तोडलेलंय. आणि गाडी काठार इली तेव्हा सुयो मीच मागे फिरवलंय. भालून ऑइल घातलेल्यान. माझ्यासमोर घातलेल्यान.”

रुपेशला वाटलं, आता सांगून झालं. आता मेस्त्री काहीतरी म्हणतील आणि छातीवरचं हे ओझं उतरेल.

मेस्त्रींनी भांड्यातल्या रॉकेलमध्ये हात धुतले. फडक्याला पुसले.

“माका कित्या सांगतंस?” ते म्हणाले. “मी खय बुडत होतंय?”

रुपेश उठला.

भालू घरासमोरच्या खळ्यात बसला होता, हात झोळीत बांधलेला. रुपेश किती तरी वेळ कुंपणाच्या बेड्याशी उभा राहिला. आत ये असं भालू म्हणाला नाही, जा असंही म्हणाला नाही. शेवटी रुपेशने तिथूनच सगळं सांगितलं. सांगताना तो भालूच्या पायांकडे पाहत होता.

भालूने ऐकून घेतलं.

“शेटाक सांगितलंस?”

“नाय.”

“मग हय कित्या इलंस?”

धक्क्यावर त्या वेळी सगळे चालक होते. रुपेशला वाटलं, शेटना बाजूला घेऊन सांगावं. त्याने हाकही तशीच मारली. मग सगळ्यांसमोर भालूला कसं घालवलं होतं ते आठवलं, आणि तो जिथे उभा होता तिथेच मोठ्याने बोलला.

कोणी शिवी दिली नाही. त्याची सगळी तयारी शिव्यांची होती. पण जे त्याच्या नावाने हाका मारायचे, त्यातल्या एकाने तोंड फिरवलं आणि धुतलेलीच स्कूटर पुन्हा धुवायला घेतली. दुसरा त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. शेट इतकंच म्हणाले, “माझ्या मशिनीक हात लावू नको.” आणि भालूला बोलावणं धाडलं.

त्यानंतर रुपेश शेडमध्ये यायचा तो झाडू मारायला, भांड्यातलं घाण रॉकेल बदलायला. स्क्रूड्रायव्हर त्याने हातात धरला नाही. मेस्त्रींनीही दिला नाही. जाम झालेलं इंजिन त्यांनी एकट्याने बांधलं, नवे पिस्टन घातले. दोन्ही कार्बोरेटर तेवढे ताटलीत तसेच पडून राहिले. रुपेश रोज त्यांच्यावरची धूळ पुसायचा आणि परत तिथेच ठेवायचा.

खांदा थोडा बरा झाल्यावर भालू एका सकाळी शेडच्या दारात आला.

“गाडी झाली काय, मेस्त्रीनू?”

“कार्बोरेटर रवले हत.”

भालूने रुपेशकडे पाहिलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच सरळ पाहिलं.

“ह्येका करूक सांगा.”

“मी नको,” रुपेश घाईने म्हणाला. “शेटनी सांगितल्यानी...”

“शेटाक मी बघतंय. तू कर. आणि गाडी मुखापर्यंत नेतलंय तेव्हा माझ्या पाठी बस.”

रुपेशने मेस्त्रींकडे पाहिलं. मेस्त्री विडी शोधत होते.

त्याने दोन्ही कार्बोरेटर खोलले. बारीक भोकांत अडकलेलं मीठ हवा मारून काढलं, उजेडाकडे धरून आरपार दिसतं का पाहिलं, पुन्हा हवा मारली. पडदे नवे घातले. सुया नव्या घातल्या. मग कार्बोरेटर चढवून स्कूटर पाण्यात लोटली आणि इंजिन सुरू केलं.

जाड आवाज. धूर. त्याने सुई थोडी आत घेतली. धूर विरळ झाला. आणखी थोडी. आवाज बारीक होऊ लागला, गाऊ लागला, आणि रुपेशच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्याने सुई मागे आणली. पुन्हा धूर दिसेपर्यंत मागे आणली. मग दुसरी. दोनदा स्क्रूड्रायव्हर खाचेतून निसटला.

भालू गाडीवर चढून बसला. एका हाताने जॅकेटचे पट्टे आवळू लागला. दुसरा हात अजून पुरता वर जात नव्हता.

“मेस्त्रीनू,” रुपेशने हाक मारली. “एकदा येऊन बघा.”

मेस्त्री उपड्या होडीवर बसले होते.

“मी बघूचंय नाय.”

“मग बरोबर लागला की नाय, ता माका कसा कळतला?”

मेस्त्रींनी विडी पेटवली. धूर सोडला...

“हात थरथरता?”

रुपेशने हाताकडे पाहिलं.

“...होय.”

“मग जमला.”