नानांनी धरलेला सूर

“नाना, मला सूर कधी धरणार?”

भिकूनाना गुरवांनी पान लावता लावता नुसतं हूं केलं.

पांडबा बारा वर्षं त्यांच्याकडे सनई शिकत होता. गडी दमाचा, आणि ते गावभर सांगायचाही. पण नानांच्या घरची रीत होती. शिष्य तयार झाला की गुरू स्वतः मागे बसून दुसऱ्या सनईवर एकच स्वर लावून ठेवतो, त्याला सूर धरतो. तो मान पांडबाला अजून मिळाला नव्हता. आज लेकीच्या बारशाला तरी मिळेल, ही त्याची आशा.

बारसंही तीन महिन्यांनी होत होतं. पोरीच्या डाव्या फुफ्फुसाचा वरचा भाग जन्मापासूनच बिघडलेला. हवा आत शिरायची, बाहेर निघायची नाही. तो भाग फुगत जायचा आणि पोर निळी पडायची. आठव्या दिवशी ऑपरेशन करून तेवढा भाग काढला. आता ठणठणीत आहे, खुशाल रडू द्या, असं डॉक्टर परवाच म्हणाले. पण तिच्या आईचा, कुसुमचा जीव काही भांड्यात पडेना. पोरीने ओठ काढला की ती उचलून घ्यायची. पोर अजून मोकळी रडलीच नव्हती.

पांडबाने सनई लावली. वाजवलंही झकास, खोटं कशाला बोला. लांबलचक सूर...

आणि मध्येच पाळण्यातून भोकाड.

कुसुम धावली. पांडबाने वाजवता वाजवताच डोळे वटारले, हिला आत ने म्हणून खूण केली.

नानांनी त्याच्या सनईच्या तोंडावर तळहात ठेवला.

सगळे पोरीच्या ओठांकडे बघत होते. ओठ लालबुंद... तिने श्वास घेतला आणि पुन्हा भोकाड पसरलं. कुसुम रडता रडता हसायला लागली.

नानांनी पान बाजूला ठेवलं, दुसरी सनई उचलली, पाळण्यामागे मांडी घातली आणि सूर धरला. पोरीला.

पांडबा बघतच राहिला.

“नाना... बारा वर्षं मी...”

नाना वाजवत होते. गाल दुखले, डोळ्यांत पाणी आलं, पोर काही थांबेना. शेवटी खोकत, हसत त्यांनी ती सनई पांडबाच्या हातात कोंबली.

“माझा दम संपला बाबा. आता तू धर.”