हाकेचं तळं

भोरखळीच्या तळ्याकाठी हा मातीचा ढीग दिसतो ना, तो कोणी शेतात नेत नाही. गाळ चांगला कसदार आहे, पण त्याला हात लावायची कोणाची छाती नाही. या तळ्याला हाकेचं तळं म्हणतात, आणि ढिगाची नि नावाची गोष्ट एकच आहे.

फार वर्षांपूर्वी तळं गाळाने भरून आलं होतं, असं सांगतात. उपसायला हवं हे सगळ्यांना मान्य होतं. पण पहिली कुदळ वरच्या आळीची की खालच्या आळीची, यावर पुरुषांचे दोन उन्हाळे भांडणात गेले. बायका तोवर कोसभर लांबून पाणी आणत होत्या. शेवटी खंडू कुंभाराची सोळा वर्षांची हौसा एका सकाळी टोपली घेऊन तळ्यात उतरली. तिच्या मागोमाग सहा जणी आल्या. कोणी सांगितलं नव्हतं, मजुरीही नव्हती. दोन महिने उपसून हातांची सालटी निघाली, आणि चैत्रात तळाचा झरा मोकळा झाला.

जत्रेत देवीची पालखी तळ्यावर आली. पाटलांनी सात फेटे मागवले आणि सात बापांच्या डोक्यांवर बांधले. मुली मागे उभ्या होत्या. बापाचा फुललेला चेहरा पाहून हौसाला आधी बरंच वाटलं म्हणे. मग पाटील म्हणाले, या सात जणांनी गावाला पाणी मिळवून दिलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती ढिगाकडे गेली, टोपली भरली आणि नितळ पाण्यात रिकामी केली. लगेच दुसरी भरायला वळली. बाकीच्या सहा जणींनीही टोपल्या उचलल्या. दोन महिन्यांचं काम गावाच्या डोळ्यांदेखत परत तळ्यात चाललं होतं. पाटलांनी खंडूला दरडावलं, पोरीला आवर.

खंडूने फेटा उतरवून पालखीपुढे ठेवला. "पाटील, तिला म्या धाडलं नव्हतं. आता थांबवू कसा?"

पाटलांनी मग तिलाच विचारलं, तुला फेटा हवा का?

"फेटा नगं," हौसा म्हणाली. "ज्यांनी उपसलं त्यांची नावं घ्या. समद्यांना ऐकू जातील अशी."

"खंडूची लेक," पाटील म्हणाले. एक टोपली पाण्यात गेली. "कुंभाराची पोर." आणखी एक गेली. तिसऱ्यांदा त्यांनी खणखणीत आवाजात "हौसा" अशी हाक मारली, तेव्हा कुठे तिने टोपली खाली ठेवली. उरलेल्या सहा जणींची नावं तर पाटलांना ठाऊकच नव्हती. भर जत्रेत ती एकेकीला विचारून घ्यावी लागली.

आजही चैत्रात, ज्या मुलींनी वर्षभर गावासाठी काही केलं, कोणी पोरांना शिकवलं, कोणी म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेलं, त्या ढिगातल्या गाळाने भरलेली टोपली डोक्यावर घेऊन काठाच्या पायऱ्यांवर उभ्या राहतात. गावाचा प्रमुख एकेकीला तिच्या नावाने हाक मारतो, आणि हाक आली की टोपली ढिगावर रिकामी होते. त्याशिवाय पालखी हलत नाही. गेल्या वर्षी सरपंचांनी सुरुवात केली, "आमच्या माजी सदस्यांची कन्या..." त्या पायरीपाशी पाणी अजून गढूळ आहे, बघा.