झाकणाचं भोक

सरदार आबासाहेबांनी एखाद्या जुन्या वस्तूला नाक मुरडलं, की गावात तिला कुत्रंही विचारत नसे. म्हणून ते जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरले, तेव्हा दुकानाच्या मालकीण शकूताई गुप्ते सावध झाल्या. आबासाहेबांमागे दोन खुशमस्करे होतेच.

आबासाहेबांनी चिनीमातीची एक गुलाबी डबी उचलली. "झाकणाला भोक? फुटका माल! निम्म्या किमतीत द्या."

"फुटका, फुटका!" मागून दोघे म्हणाले.

"फुटकी नाही हो, ही मडमेच्या आरशापुढची डबी," शकूताई म्हणाल्या. "विंचरताना गळलेले केस त्या भोकातून आत टाकायचे आणि साठले की त्यांचं गंगावन करायचं. भोक मुद्दाम ठेवलंय."

"मुद्दाम असो नाहीतर चुकून! भोक पडलं की किंमत निम्मी. हा आमचा शब्द आहे."

"शब्द म्हणजे शब्द!" मागून दोघे म्हणाले.

शकूताईंनी आबासाहेबांच्या कानाकडे पाहिलं. तिथे टपोऱ्या मोत्यांची भिकबाळी डुलत होती.

"मग सरकार, या मोत्यांनाही भोक आहे आणि तुमच्या कानालाही आहे. तुमची किंमतसुद्धा निम्मीच धरायची का?"

आबासाहेब तोंड उघडणार, तेवढ्यात मागच्या दोघांनी सवयीने माना डोलावल्या.

"निम्मी, निम्मी!"