नारबा जुईला शाळेत घालतो

एका गावात नारबा नावाचा एक भोळा गिरणीवाला राहत होता. दारात कुणीही आलं तर 'या, बसा' म्हणावं, असं त्याला आईने लहानपणी शिकवलं होतं. म्हणून दारात म्हैस आली तरी तो म्हणे, "या, बसा." एकदा एक म्हैस खरंच बसली. त्या दिवशी गिरणी बंद राहिली.

नारबाची बायको सुगंधा मात्र चलाख होती. तिची स्वतःची शाळा चौथीतच सुटली होती, आणि ते तिला अजून डाचत होतं. आपल्या जुईला तालुक्याच्या चांगल्या शाळेत घालायचंच, हे तिने पोर पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं. पण तिथल्या शाळा ज्युनिअर केजीसाठी सुद्धा मुलाखत घेत. मुलांची घेत, आईबापांची पण घेत. म्हणून शहाणी माणसं आधी प्रवेश सल्लागार गाठत.

"मी गिरणी बघते," सुगंधा म्हणाली. "तुम्ही पोरीला घेऊन पाठारे मॅडमकडे जा. त्या सांगतील तस्संच करा. आपलं डोकं चालवू नका."

नारबाला हे फार सोपं वाटलं. डोकं न चालवण्याची त्याला सवयच होती.

पाठारे मॅडम तालुक्यातल्या नावाजलेल्या सल्लागार. त्यांनी हात लावला आणि प्रवेश मिळाला नाही, असं कधी झालं नव्हतं. त्यांनी जुईला चार प्रश्न विचारले. जुईने पाचांची उत्तरं दिली. मॅडम खूश झाल्या.

"मुलगी चुणचुणीत आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त मध्ये तोंड घालू नका. शाळेतल्या बाईंनी प्रश्न विचारला की तुम्ही गप्प बसायचं. उत्तर जुई देईल."

"एवढंच ना?" नारबा म्हणाला. "देईल की."

तो पहिल्या शाळेत गेला. मोठ्या बाईंनी त्यालाच आधी विचारलं, "आपण काय करता?"

नारबाने ओठ घट्ट मिटले आणि जुईकडे पाहिलं.

"बाबा झोपतात," जुई म्हणाली.

"घरी आईवडील एकमेकांशी इंग्रजीत बोलतात का?"

नारबाने पुन्हा जुईकडे पाहिलं.

"बाबा बोलत नाहीत," जुई म्हणाली. "आई बोलते. बाबा हो म्हणतात."

"मुलीच्या शिक्षणाबद्दल तुमची अपेक्षा काय?"

"चकली," जुई म्हणाली.

प्रवेश मिळाला नाही. मॅडमनी कपाळावर हात मारला. "अहो नारबा, मोठ्या माणसाने असं मुखदुर्बळ राहून कसं चालेल? बाईंनी विचारलं की फाडफाड उत्तर द्यायचं! त्यांचा प्रश्न संपायच्या आत!"

"एवढंच ना? आधी सांगायचं," नारबा म्हणाला.

तो दुसऱ्या शाळेत गेला. तिथल्या बाई मोठ्या प्रेमळ होत्या. त्यांनी जुईला जवळ घेतलं आणि एक चित्र दाखवलं. "बाळा, हा कोण...?"

"हत्ती!" नारबा ओरडला.

"तू सांग हं बाळा. आणि हे...?"

"माकड! केळं खातंय!"

जुईने तोंड उघडायचं आणि उत्तर बापाने द्यायचं, असं बराच वेळ चाललं. शेवटी बाई म्हणाल्या, "बरं, एखादं गाणं म्हणून..." वाक्य संपायच्या आत नारबा उभा राहिला. त्याने दोन्ही हात पंखांसारखे हलवत, खुर्च्यांमधून फिरत, चिमणीचं गाणं म्हटलं. शेवटी गुडघे वाकवून नमस्कार केला. बाईंनी सवयीने त्याच्या हातावर चांदणी चिकटवली.

नारबा ती चांदणी सगळ्यांना दाखवत मॅडमकडे आला. पाठोपाठ शाळेचा निरोप आला. वडील हुशार आहेत, पण वयात बसत नाहीत.

मॅडम पाणी प्यायल्या. आता तालुक्यात एकच शाळा उरली होती. ती हुकली तर जुईचं वर्ष जाणार होतं, आणि सुगंधाला काय सांगायचं, या विचाराने नारबानेही हातावरची चांदणी काढून खिशात टाकली.

"नारबा, हात जोडते," मॅडम म्हणाल्या. "मुलांच्या पुढे पुढे करायचं नसतं, त्यांना उत्तेजन द्यायचं असतं. चुकलं, सांडलं, पडलं, तरी रागवायचं नाही. टाळ्या वाजवायच्या आणि म्हणायचं, 'व्वा! छान प्रयत्न!'"

"एवढंच ना? आधी सांगायचं."

तिसऱ्या शाळेत जुई शहाण्यासारखी मणी ओवत बसली. काही चुकलं नाही, काही सांडलं नाही. नारबा टाळ्यांसाठी हात तयार ठेवून बसला होता. इतक्यात शिपाई चहा घेऊन आला, सतरंजीला अडखळला, आणि सगळा चहा मोठ्या बाईंच्या साडीवर गेला.

नारबाने कडाडून टाळ्या वाजवल्या. "व्वा! छान प्रयत्न!"

शिपाई लाजला. नोकरीत त्याला कुणी असं म्हटलं नव्हतं. बाई रागाने ताडकन उठल्या, चहावरून घसरल्या आणि खाली बसल्या.

"व्वा! बाईंचाही छान प्रयत्न! अजून एकदा!"

तेवढ्यात जुई उठली. तिने फ्रॉकला लावलेला रुमाल काढला, बाईंची साडी पुसली आणि विचारलं, "लागलं का हो तुम्हाला?"

बाई विरघळल्या. "मुलगी घेतली," त्या म्हणाल्या. "वडिलांना फाटकापर्यंतच येऊ द्या."

सुगंधाला हे कळलं तेव्हा ती पदरात तोंड खुपसून रडली. तिने सगळ्या गल्लीला साखर वाटली.

शाळेचा पहिला दिवस आला. मॅडमनी नारबाला आदल्या दिवशीच बजावलं होतं. "आता शेवटचं सांगते. फाटकाशी रडारड होते. आईबापांना दया येते आणि सगळं मुसळ केरात जातं. तेव्हा जे रडेल त्याला सरळ शाळेच्या मावशींच्या हातात द्यायचं. हातपाय झाडू दे, 'मला नाही जायचं' म्हणू दे. ऐकायचं नाही. आणि मागे वळून तर मुळीच बघायचं नाही!"

"एवढंच ना?" नारबा म्हणाला.

दुपारी सुगंधा गिरणीच्या दारात उभी राहून वाट बघत होती. दुरून नारबा येताना दिसला. त्याच्या खांद्यावर जुई बसली होती आणि खिदळत होती.

"अहो!" सुगंधा किंचाळली. "हिला परत का आणलंत?"

"ती कुठे रडली? उड्या मारत होती," नारबा म्हणाला. "हसणाऱ्याचं काय करायचं, ते मॅडमनी सांगितलंच नव्हतं. मग आणली घरी."

"मग शाळेत कोण गेलं?"

"मॅडम. त्या फाटकाशी आल्या होत्या. जुईला गणवेशात बघून म्हणाल्या, 'सुटले बाई एकदाची!' आणि आनंदाने ढसाढसा रडायलाच लागल्या. मी लगेच उचलून मावशींच्या हातात दिलं. काय हातपाय झाडले त्यांनी! 'मी नाही हो, मी नाही' म्हणत होत्या. मी ऐकलं नाही. जुईचा डबा त्यांच्या गळ्यात अडकवला आणि मागे वळून बघितलंसुद्धा नाही."

सुगंधा मटकन पिठाच्या पोत्यावर बसली.

"बसू नकोस, जेवायला वाढ," नारबा म्हणाला. "शाळा सुटायची वेळ झाली. मला त्यांना आणायला जायचंय. पहिलाच दिवस आहे, फाटकाशी वाट बघत असतील बिचाऱ्या."