कपाटातला पहिला फोन

जगातलं सगळं आपल्यालाच कळतं, असं शाळा समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब शेळमकर यांचं स्वतःबद्दल ठाम मत होतं. इंटरनेट सुरक्षेवर वर्गात बोलायलाही तेच उभे राहिले आणि तासभर त्यांनी फक्त मुलींना झापलं.

"जन्मतारीख, गाव, शाळा, सगळं जगाला सांगत सुटता. तुमचे पासवर्ड शेंबडं पोरसुद्धा ओळखेल. ज्याला पासवर्ड सांभाळता येत नाही, त्याचा फोन आजपासून मुख्याध्यापिकांच्या कपाटात. चला मुलींनो, फोन जमा करा."

मुलांच्या फोनबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत.

नववीतली नसीमा तांबोळी उठली. "साहेब, आणि तुमचा फोन?"

भाऊसाहेबांनी फोन टेबलावर ठेवला. "उघडून दाखव. उघडला तर माझाही कपाटात."

नसीमाने खिडकीबाहेर पाहिलं. गेटवर वीस फुटी फ्लेक्स होता. त्यावर गॉगल लावलेले भाऊसाहेब हसत होते आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, '१४ ऑगस्ट, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'.

तिने एक, चार, शून्य, आठ दाबलं. फोन उघडला.

हसू दाबायला सगळा वर्ग माना खाली घालून बसला. "दे इकडे," भाऊसाहेब घाईने म्हणाले.

नसीमाने आतलं काहीही न बघता फोन बंद केला आणि शेजारी उभ्या असलेल्या मुख्याध्यापिकांच्या हातात दिला. "बाई, हा पहिला. नियम साहेबांचाच आहे."

मग ती भाऊसाहेबांकडे वळली. "साहेब, नवा पासवर्ड ठेवाल तेव्हा त्याचा फ्लेक्स लावू नका."